पाटीतलं शेवटचं घर

दामा तांडेल आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले ते औषधासाठी नव्हे. मी बदली होऊन अलिबागजवळच्या त्या कोळीवाड्यात आले त्याला जेमतेम आठवडा झाला होता. सरकारी दवाखान्यात औषधं देण्याचं माझं काम. खिडकीतून हात बाहेर आणि तोंडानं 'जेवणाआधी, जेवणानंतर' हा जप. दुपारी गर्दी ओसरल्यावर पाहते तर साठी उलटलेला एक उंच माणूस बदामाच्या झाडाखाली अनवाणी उभा. चपला जोडून बाजूला ठेवलेल्या आणि मोबाइल थेट माझ्या खिडकीवर रोखलेला. राग माझ्या नाकावरच असतो. मी तिथूनच ओरडले, "ओ काका, फोटो कसले काढताय? लाज नाही वाटत?"

त्यांनी मान वर केली नाही. ओठांवर बोट ठेवून मलाच गप केलं, तेही माझ्याच दवाखान्यात.

"हलू नको बाय. तुज्या खिडकीत येक जनावर बसलंय."

मी किंचाळून मागे सरले. तेवढ्यात त्यांनी काचेवर बोट फिरवलं, "घावला" म्हणाले आणि शांतपणे चपला पायात घातल्या. मग खिडकीशी येऊन त्यांनी मला फोन दाखवला. माझ्या गोळ्यांच्या डब्यांपुढे एक निळा, गाल फुगवलेला, सगळ्या जगावर चिडलेला प्राणी बसला होता.

"तुज्यासारकाच हाय," म्हणाले आणि निघून गेले.

या माणसावर लिहायचं बरेच दिवस मनात आहे आणि तेवढेच दिवस मी ते टाळते आहे. कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या तोंडून गेलेल्या एका शब्दाबद्दलही लिहावं लागतं. तो शब्द मला परत घ्यायचा होता. ते जमलं नाही.

तो गेम त्यांच्याकडे आला तोही न मागता. लेकीनं उलव्याहून जावयाचा जुना फोन पाठवला होता, भजनं ऐकायला. भजनं राहिली बाजूला. जावयानं अर्धवट सोडलेला गेम त्यात होता. हातात फोन घेऊन चालायचं, रस्त्यात, देवळापाशी, बंदरावर कुठेही चित्रविचित्र प्राणी दिसतात, बोटानं जाळं फेकून ते पकडायचे. दुसरं काही असतं तर त्यांनी ढुंकून पाहिलं नसतं. जाळं होतं म्हणून थांबले. जावयाचे अकरा प्राणी पकडून झाले होते. एकूण एकशे साठ होते.

पकडलेल्या प्राण्यांचं एक पान त्यात होतं. आठ आठ घरांच्या वीस ओळी. जो पकडला त्याचं रंगीत चित्र, जो राहिला त्याची नुसती काळी सावली. या पानाला तांडेल पाटी म्हणत, मासळीची असते तशी. सुरुवातीला एकदा चुकून बोट लागून त्यांनी एक पकडलेला प्राणी सोडून दिला आणि त्याचं घर पुन्हा काळं झालं. तेव्हा मी गेममधली इंग्रजी माहिती वाचून त्यांना सांगितलं, की पाटीत जे हातात आहे तेच दिसतं, सोडलं की गेलं. ते म्हणाले, "बरोबर हाय. दर्यात गेलेलं पाटीत कसं राहील?" त्या वेळी मी हसले होते.

प्राण्यांची इंग्रजी नावं त्यांना नको होती. त्यांनी आपली ठेवली. काही मासळीवरून, लांब चोचीचा तो टोळ, मिशावाली ती शेवंड; काही माणसांवरून, पोट सुटलेला पिवळा तो सरपंच. एक लोचट, ओला, मांजरासारखा होता, त्याचं नाव जावई. खिडकीतल्या निळ्याचं नाव कंपाउंडर. तो कोणाचा मान आहे हे साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं. बायका औषधाला आल्या की पदर तोंडाला लावून हसायच्या.

होडीवर चढताना चपला काढायच्या, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. तो त्यांनी मोबाइललाही लावला. भर बाजारात, उन्हानं तापलेल्या डांबरावर का असेना, जाळं टाकायच्या आधी चपला पायातून निघायच्या. मधुमेही माणसानं अनवाणी चालू नये म्हणून मी घसा फोडून सांगत असे. ते ऐकून घेत, मान हलवत आणि दाराबाहेर पडताच चपला काढत. बंदरावर गेले की तिथली पोरंटोरं नव्हे, चांगले बाप्ये लोक हाका मारायचे, "तांडेल, आज काय लागलं?" ते गंभीरपणे सांगायचे, "दोन शेवंडी, येक टोळ." त्यांना चेष्टा कळत नव्हती असं नाही. चांगली कळायची. पण त्या बंदरावर 'काय लागलं' असं त्यांना विचारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

होडी त्यांनी का सोडली, ते मला त्यांच्या बायकोनं, चांगुणाकाकीनं सांगितलं. मी यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. पहाटेची होडी खाडीच्या तोंडाशी आली होती. होडीचा म्होरक्या म्हणजे तांडेल, म्हणून सुकाणूवर तेच. अचानक त्यांनी आपल्या पुतण्याला हाक मारली आणि सुकाणू त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "मना दोन दिवे दिसतात. येक खोटा हाय, पन कंचा ते कळत न्हाय." मग पुढे जाऊन पाठमोरे बसले ते किनारा लागेपर्यंत. पुन्हा होडीत चढले नाहीत. होडी त्याच पुतण्याला दिली.

साखरेनं डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरत होतं. अलिबागच्या डॉक्टरांकडे मी स्वतः त्यांना घेऊन गेले होते. डॉक्टर भला माणूस. त्यांनी समजावून सांगितलं, की गेलेलं परत येणार नाही, आहे ते किती टिकेल तेवढं पाहू. तांडेलांनी विचारलं, "किती दिस?" डॉक्टर म्हणाले, तसं दिवसांत सांगता येत नाही, एखादे दिवशी मोठा रक्तस्राव झाला की पडदा पडेल. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. पोयनाडचा फाटा गेल्यावर म्हणाले, "बाय, अजून एकोनसाठ राहिलेत."

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, वर्षं मोजताहेत की काय.

"पाटी गं. येकदा तरी पुरी पाटी बगायची हाय. येक पन काळा नसलेली."

मी म्हटलं, "तांडेल, सगळं आयुष्य समुद्रावर काढलंत. एवढ्या मासळ्या पाहिल्यात. या खोट्या चित्रांचं काय घेऊन बसलात?"

"दर्याला आकडा न्हाय," ते म्हणाले. "चाळीस वर्सं जाळी टाकली, काय राहिलं ते कवा कळलंच न्हाय. याला आकडा हाय. आकडा हाय म्हंजे शेवट हाय. मना शेवट बगायचा हाय, दिसतंय तवर."

त्या दिवसापासून मी त्यांना हसायचं सोडलं. हे काही माझ्या चांगुलपणाचं लक्षण नव्हे. त्या बोलण्याची मला भीती वाटली. माझे वडील गेले तेव्हा त्यांचं काय राहिलं होतं ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. या माणसाला निदान माहीत होतं आणि ते एका हातात मावत होतं.

मग आमचा नेमच झाला. दवाखाना बंद झाला की मी, तांडेल आणि अर्ध्या वाटेपर्यंत तोंड वाजवत चांगुणाकाकी. तिला तो फोन म्हणजे सवत वाटायचा. "मना कवा येवरं बगितलं न्हाय, येवरं त्या काचंत बगतात," असं ती साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणे. पण फोन रोज चार्जिंगला तीच लावायची. कोपऱ्यावरच्या टपरीवर तांडेल चोरून तीन चमचे साखरेचा चहा प्यायचे आणि मी न पाहिल्यासारखं करायची. ते माझं चुकलं. माणूस आनंदात असला की त्याला टोकवत नाही.

जसजशी नजर अधू होत गेली तसं मला बोलून दाखवावं लागू लागलं. "डावीकडे, थोडं वर, आता टाका." त्यांचं बोट काचेवरून सपकन सुटायचं आणि जाळं बरोबर पडायचं. पकडून झालं की ते विचारायचे, "कसा हाय? सांग." मी वर्णन करायची. रंग, पाय, शेपटी, तोंड. माझ्या वर्णनावरून ते नाव ठरवायचे. शेवटच्या वर्षात त्यांनी जे जे पाहिलं ते माझ्या तोंडून पाहिलं. त्या वेळी त्यात मला अभिमानच वाटत होता.

एक प्रसंग हरिहरेश्वरचा सांगायला हवा. एक प्राणी फक्त तिथेच मिळतो असं कळलं, तेव्हा आम्ही तिघं पहाटेच्या गाडीनं गेलो. मला आईचा नवस फेडायचा होता, काकीला देवदर्शन हवं होतं, आणि तांडेलांना काय हवं होतं ते सांगायला नको. दर्शन घेऊन आम्ही प्रदक्षिणेच्या वाटेवर आलो. डोंगर उतरला की ती वाट समुद्राला लागून खडकांवरून जाते. फोनमध्ये तो प्राणी त्या खडकांच्या अगदी टोकाला दिसत होता. तिथे चार तरुण मुलंमुली आधीच उभी होती, हातात फोन, तोच गेम. तांडेलांनी चपला काढल्या आणि तिथेच थबकले.

"बाय, तिथी कोनती?"

"अमावास्या."

"आनि वाजले किती?"

"पावणेअकरा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि खाली उतरायला लागले. डोळ्यांना धड पायरी दिसत नव्हती, हातांनी चाचपत उतरत होते. अमावास्येला बाराच्या सुमारास भरती पुरी होते, हे त्यांना चाळीस वर्षांच्या सवयीनं माहीत होतं. त्या मुलांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी वरून ओरडत होते, काकी देवाचा धावा करत होती. ते खाली पोहोचले, एकेकाच्या दंडाला धरून त्यांना वर लोटलं. एक मुलगा चिडून काहीतरी बोलला, दोन मिनिटं थांबा म्हणाला. तांडेलांनी त्याचं काही ऐकलं नाही, ओढतच आणला. आम्ही सगळे वर येऊन वळलो तेव्हा ती मुलं उभी होती त्या खडकावरून पाणी जात होतं. तो मुलगा पांढराफटक पडला.

गडबडीत प्राणी निघून गेला होता. मी हळहळले. ते म्हणाले, "तो काय, परत येल." त्यासाठी त्यांना आणखी चार महिने थांबावं लागलं. नजरेतले चार महिने म्हणजे काय, हे तेव्हाही आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण त्यांनी त्याबद्दल एकदाही चुकचुक केली नाही.

अशा रीतीनं एकशे एकोणसाठ झाले. राहिला एक. शेवटच्या ओळीतलं उजवीकडचं शेवटचं घर. त्याची सावली कशाची आहे ते कळत नव्हतं. वर गोल, खाली सपाट, बाजूंना काही टोकं निघालेली. आम्ही त्याला डोंगऱ्या म्हणायचो. हा डोंगऱ्या समुद्राच्या काठी फक्त पौर्णिमेला दिसतो, तोही वर्षात एखाद्याच पौर्णिमेला, असं गेममध्ये लिहिलं होतं. त्या वर्षी श्रावणातली पौर्णिमा सांगितली होती. म्हणजे आमची नारळी पौर्णिमा.

आषाढात तांडेलांचा उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्यानं कडेकडेचं थोडं दिसायचं, फोन अगदी गालाला लावून तिरका धरला की चित्राचा रंग ओळखू यायचा. दवाखान्यात येऊन ते रोज एकच विचारायचे, "पुनव किती दिस राहिली?" मी बोटांवर मोजून सांगायची. माझाही जीव टांगणीला लागला होता. डोळ्याचे थेंब देताना मी मनातल्या मनात त्या डाव्या डोळ्यालाच सांगायची, बाबा, तेवढा दिवस धर.

डोळ्यानं तो दिवस धरला. नारळी पौर्णिमेला दुपारपासून सगळा वाडा किनाऱ्यावर लोटला होता. बायका ठेवणीतले दागिने घालून, बाप्ये डोक्याला टोप्या लावून, बँड, गुलाल, रंगवलेल्या होड्या. सोन्याच्या कागदानं मढवलेला नारळ वाजतगाजत आला. ओहोटी लागली होती. मी तांडेलांचा हात धरून गर्दीपासून थोडं बाजूला, ओल्या वाळूत उभी होते. काकी पूजेचं ताट घेऊन आमच्या मागे. पाचच्या सुमारास फोन थरथरला.

"आला," मी म्हटलं.

त्यांनी चपला काढल्या. फोन मी धरला. "मधोमध आहे. जरा खाली. आता." पहिलं जाळं चुकलं. दुसरंही चुकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बोट काचेवर टेकवून ठेवलं, क्षणभर श्वास धरला आणि सोडलं. जाळं पडलं, आवळलं, थोडा वेळ हललं आणि स्थिर झालं. मी ओरडलेच. भर किनाऱ्यावर, सरकारी नोकरीतली चाळिशीची बाई, मी अक्षरशः उडी मारली. पडद्यावर पाटी उघडून शेवटच्या घरातलं चित्र रंगीत झालं, मग ते मोठं झालं आणि खाली दोन चौकटी आल्या, ठेवा आणि सोडा.

"कसा हाय? सांग बाय."

आणि मी सांगायला लागले. एवढी आनंदात होते की विचार करायची बुद्धीच झाली नाही. "पाठ हिरवी आहे, शेवाळ धरलंय. पाठीवर चौकटी चौकटी आहेत. पुढे दोन वल्ह्यांसारखे पाय, मागे दोन लहान. डोकं म्हातारं, चोचीसारखं तोंड, डोळ्यांतून पाणी येतंय..."

माझ्या हातातला त्यांचा हात घट्ट झाला.

"म्हंजे कासव."

इथे मला सावरायला हवं होतं. नाही हो, डोंगऱ्याच आहे, राक्षसच आहे कसला तरी, एवढं म्हणायला काय लागत होतं? त्यांना दिसत नव्हतं. पण माझ्या तोंडून गेलं, "हो, कासवच."

त्यांनी हात जोडून कपाळाला लावले. मग म्हणाले, "सोड."

कोळी माणूस जाळ्यात आलेलं कासव ठेवत नाही. तो देव असतो. त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ द्यायचा, हात जोडायचे आणि पाण्यात सोडायचं. हे मला माहीत होतं, तीन वर्षं त्या गावात राहून माहीत नसेल कसं? पण हे चित्र होतं. मी त्यांना सांगत राहिले, की तांडेल, हा शेवटचा आहे. पाटी पुरी झालीय, हा ठेवला की तशीच राहील. डोळ्याला लावून बघा, एकदा बघा आणि मग सोडा हवं तर. हे खरं कासव नाही हो. पुढच्या वर्षीपर्यंत...

"धरून ठेवून बगायचा, येवरं पन न्हाय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी तांडेल हाय. माज्या जाळ्यात आलाय. सोड म्हंतोय ना."

मी काकीकडे पाहिलं. वाटलं, ही तरी बोलेल, नेहमीसारखी तोंड वाजवेल. तिनं ताटातलं हळदकुंकू चिमटीत घेतलं, फोनच्या काचेवर त्या चित्राच्या कपाळाशी लावलं आणि पदरानं डोळे पुसले. मी 'सोडा' वर बोट ठेवलं. 'नक्की सोडायचं?' असं फोननं पुन्हा विचारलं. तोही पुन्हा विचारतो, माणसाच्या चुकीची त्याला सवय असावी. मी 'हो' दाबलं.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"जाताना मान वर केलान? करतो तो. येकदा मान वर करतो नि मग बुडतो."

काचेवर हळदकुंकू पसरलं होतं, मला काहीच दिसलं नव्हतं. "केली," मी म्हटलं. "मान वर केली." जिथे खोटं बोलायला हवं होतं तिथे मी खरं बोलले होते आणि आता उशिरा खोटं बोलत होते. त्यांचा चेहरा मात्र सैल झाला. तिकडे गर्दीनं जयजयकार केला, सोन्याचा नारळ पाण्यात पडला होता.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काळं जालं घर?"

"झालं."

"होनारच," म्हणाले आणि चपला शोधायला वाकले.

दुसऱ्या दिवशी काकी त्यांच्या गोळ्या न्यायला आली. खिडकीशी कोणी नव्हतं. मी न विचारताच तिनं सांगितलं. तांडेलांना एक धाकटा भाऊ होता, धर्मा. दोघं एकाच होडीवर. एका वर्षी मासळीचा दुष्काळ होता, आठवडाभर रिकामी जाळी, आणि एके दिवशी कासव आलं. किनाऱ्यावरच्या बंगल्यातल्या कोणा शेटला ते हवं होतं. खलाशी म्हणाले सोडूया, धर्मा म्हणाला देऊन टाकूया. मग सगळ्यांनी तांडेलाकडे बघितलं.

"हे गप राहिले," काकी म्हणाली. "तांडेल गप राहिला म्हंजे व्हय म्हनला. धर्मा घेऊन गेला त्याला. पुडच्या मोसमात वाऱ्यात होडी कलली, नि धर्मा गेला. गावला पन न्हाय."

मी म्हटलं, "काकी, त्याचा याच्याशी काय संबंध?" मला खरोखरच तसं वाटतं. कासवं न धरणारी माणसंही समुद्रात जातात, दरवर्षी जातात.

"संबंद न्हाय गं," ती म्हणाली. "ते पन कवा म्हनले न्हाय संबंद हाय. येवरंच म्हंतात, मना तवा बोलाया पायजे होतं." गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून ती निघून गेली.

भाद्रपदात त्यांचा डावा डोळा गेला. सकाळी उठले आणि काकीला म्हणाले, दार का लावून ठेवलंस? दार उघडं होतं. अलिबाग झालं, मुंबईही झाली, लेकीनं नेलं होतं. काही उपयोग झाला नाही. पुरी पाटी त्यांनी पाहिली नाही. अर्ध्या मिनिटाकरता ती पुरी झाली होती, ती मी पाहिली. कशाला पाहिली, असं वाटतं. ते बघणं माझ्या वाट्याचं नव्हतं.

त्यानंतर ते दवाखान्यात आले नाहीत. मीच जायची, गोळ्या द्यायच्या निमित्तानं. ओट्यावर बसलेले असायचे. मी त्यांची माफी मागायची ठरवून जायची आणि साखर किती आली ते सांगून परत यायची. एकदा धीर करून म्हटलं, "तांडेल, मी त्या दिवशी कासव म्हणायला नको होतं."

"मग काय म्हनली असतीस?"

"डोंगऱ्या."

"तू माजे डोळे व्हतीस बाय," म्हणाले. "डोळ्यानं खोटं दाखवलं म्हनून तर होडी सोडली ना मी?"

मी घरी येऊन रडले. त्यांनी मला दोष दिला असता तर सोपं गेलं असतं.

पुढच्या वैशाखात माझी तळ्याला बदली झाली, माझ्याच गावाला. मी अर्ज केला होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. निघायच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून त्यांच्या घराकडे गेले. काकी अंगणात सुकट पसरत होती. तांडेल ओट्यावर, भिंतीला टेकून, पायांत चपला नाहीत, मांडीवर तो फोन. चेहरा बारीक झाला होता. त्यांचा अंगठा काचेवरून फिरत होता, डावीकडून उजवीकडे, थांबत थांबत, एक ओळ संपली की खालच्या ओळीवर. ओठ हलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले तेव्हा ऐकू आलं.

"शेवंड. टोळ. जावई. सरपंच. कंपाउंडर..."

आठ घरं, पुन्हा आठ घरं. एकही नाव चुकत नव्हतं. अंगठाही चुकत नव्हता. मी काकीकडे पाहिलं. तिनं हातानंच खूण केली, की फोन बंद आहे. मग कुजबुजली, "शिमग्यापासनं बंद हाय. चारजिंगला लावू देत न्हायत. म्हंतात, गरज न्हाय."

विसाव्या ओळीपर्यंत मी उभी राहिले. शेवटच्या ओळीत सात नावं घेऊन झाली. अंगठा उजवीकडच्या कोपऱ्याकडे सरकला आणि काचेपासून वर उचलला गेला. तिथे टेकला नाही. त्या मोकळ्या जागेवर तसाच अधांतरी राहिला. त्यांनी मान वर केली. मी आलेय हे त्यांना कळलं असावं.

"कोन? बाय?"

"मी निघाले तांडेल. तळ्याला."

"जा," ते म्हणाले. "सावकाश जा."

मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, त्याला सुक्या मासळीचा वास येत होता. एसटीची वेळ झाली होती. गल्लीच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. काकी सुकटीवरचे कावळे हाकत होती. तांडेलांचा अंगठा पुन्हा पहिल्या घरावर आला होता.